थंड इंजिनाला लागणारी हवा

रोस्विटा क्नाउपच्या स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच होती. घर बांधताना एवाल्टने, तिच्या नवऱ्याने, मुद्दाम तसं करून घेतलं होतं. हिवाळ्यात चुलीची ऊब गाडीला मिळते, असं त्याचं म्हणणं. "माझ्या पायांना ऊब मिळावी म्हणून कधी एक वीट इकडची तिकडे केली नाहीस," असं ती तेव्हा म्हणाली होती. एवाल्ट नुसता हसला होता. आता एवाल्ट कबरीत होता, भिंत जागेवर होती, आणि रोज सकाळी रोस्विटा त्या भिंतीला पाठ लावून पलीकडचं ऐकत उभी राहायची.

आधी स्टार्टरची घरघर. मग इंजिन धरायचं. मग आचके सुरू व्हायचे, वर-खाली, वर-खाली, जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्यासारखे. आणि मग एकदम गप्प.

गप्प झालं की रोस्विटाचा अडकलेला श्वास मोकळा व्हायचा. थोड्या वेळाने गॅरेजचं दार खडखडायचं आणि टीलो, तिचा एकुलता एक मुलगा, काळे हात घेऊन आत यायचा.

"आजही मेली," तो म्हणायचा.

"कॉफी घे. ब्रेत्सेल गरम आहे," ती म्हणायची, आणि चेहऱ्यावरची सुटका त्याला दिसू नये म्हणून चुलीकडे तोंड करायची.

रोस्विटाचे कान तयार होते. खालच्या खोऱ्यातल्या कारखान्यात, पेट्रोल इंजेक्शनचे नोझल आणि बारीकसारीक व्हॉल्व्ह तपासायच्या टेबलावर तिची सगळी नोकरी झाली. काचेच्या नळीत फवारा सोडायचा आणि तो छत्रीसारखा उघडतो की थेंबाथेंबाने गळतो ते बघायचं, हे तिचं काम. बाकीच्या बायका डोळ्यांनी बघायच्या. रोस्विटाला आवाजावरूनच कळायचं. लग्नाआधी एवाल्ट तिथेच फोरमन होता आणि "ही बाई बहिरी झाली तर कारखाना बंद पडेल" म्हणून तिला चिडवायचा. ती बहिरी झाली नाही. झाली असती तर बरं, असं तिला या हिवाळ्यात कितीदा तरी वाटलं.

टीलो रस्ते मोजणाऱ्या खात्यात होता, शहरात राहायचा. आधी बायको सोडून गेली, मग वसंतात वडील गेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने कामावर जाणं सोडलं. एका पहाटे पोलिसांनी त्याला पुलाच्या कठड्यापाशी हटकलं आणि इस्पितळात नेलं. तो तिथून सुटला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोस्विटाला बाजूला घेतलं. "त्याच्यावर पाळत ठेवू नका. पण लक्ष असू द्या."

पाळत आणि लक्ष यांच्यात फरक काय, हे विचारायचं तिला सुचलं नाही. घरी आल्यावर तिने औषधांचं कपाट रिकामं केलं, तळघरात एकदा नीट नजर फिरवली. गॅरेजचा विचारसुद्धा केला नाही. तिथे फक्त एवाल्टची गाडी होती, आणि ती गाडी हिवाळ्यात झोपलेली असायची.

सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, तपकिरी रंगाची स्पोर्ट्स गाडी. तिच्यावर एवाल्टचा जीव. तिला हंगामी नंबरप्लेट होती, एप्रिल ते ऑक्टोबर. ऑक्टोबर सरला की एवाल्ट बॅटरी काढायचा, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा, वर लोकरी घोंगडं टाकायचा. मग एप्रिलपर्यंत तिचं चाकसुद्धा रस्त्याला लागता कामा नये. तसा कायदाच होता, आणि एवाल्टला कायद्यापेक्षा थोडं जास्तच पाळायची सवय होती.

टीलो घरी आला त्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी गावाच्या पठारावर पहिलं हिव पडलं. गाडी झोपवण्याआधी एकदा बाबांच्या कबरीपर्यंत नेऊन आणावी, असं त्याच्या मनात आलं. गाडी सुरू झाली आणि गॅरेजमध्येच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा पडली. अॅक्सिलरेटर दाबून धरला तर चालायची, पाय उचलला की मान टाकायची.

"मी दुरुस्त करतो हिला," टीलो जेवताना म्हणाला. कित्येक महिन्यांत 'मी करतो' असं वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. रोस्विटाही झाली. एक दिवसभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्यावर आली आणि तिने पाहिलं. गॅरेजचं पत्र्याचं दार खालपर्यंत ओढलेलं, आणि आत इंजिनाचा आवाज.

"दार उघडं ठेव ना रे," ती नंतर म्हणाली, जमेल तितक्या सहज.

"उघडं कसं ठेवू? दार थेट रस्त्यावर. धूर समोरच्या मायलेबाईंच्या खिडकीत जातो. काल त्यांनी मला सगळे नियम पाठ म्हणून दाखवले. उभ्या गाडीचं इंजिन तापवायचं नाही, दुपारी आवाज करायचा नाही, रविवारी तर शिंकायचंसुद्धा नाही."

"मग गाडी बाहेर ढकल."

"नंबरप्लेट एप्रिलची आहे, ममा. बाहेर ढकलली तर दंड. आणि एवढी काय काळजी? ती चालते कुठे? सुरू होते आणि मरते."

तेही खरंच होतं. सुरू होत होती आणि मरत होती. त्या बिघाडावर रोस्विटाने आपला सगळा धीर टांगून ठेवला. इंजिन जोवर आपोआप गप्प होतं आहे तोवर बंद गॅरेजात विषारी धूर साठण्याचं भय नाही. पण त्या गप्प होण्याशीच तर टीलोची झुंज चालली होती.

शनिवारी गोटहिल्फ आला. एवाल्टचा जुना मित्र, गावातला निवृत्त मेकॅनिक, तोंडाने फाटका आणि मनाने बरा. गॅरेजमध्ये डोकावून तो स्वयंपाकघरात येऊन बसला आणि मसूर आणि श्पेट्झलेच्या शेवयांची पूर्ण ताटली संपवेपर्यंत बोलला नाही.

"तुझ्या बापाने वाट लावली गाडीची," मग तो टीलोला म्हणाला.

"बाबांनी? बाबा तिला रुमालाने पुसायचे."

"तेच सांगतोय. रुमालाने पुसली, घोंगडं पांघरलं, इतक्या वर्षांत एकदाही थंडीत उठवली नाही. आता थंडीत उठायचं ती विसरली. गरम असली की बघ, राणीसारखी चालते. थंड इंजिनासाठी जे बारके भाग असतात ते कधी हललेच नाहीत. ते चिकटून बसले असणार. एकेक तपास. आणि घाई करू नकोस, दिवसाला एकच संधी आहे तुला. एकदा सुरू केलीस की ती थोडी तापली. पुन्हा पुरती गार व्हायला रात्र जायला हवी."

"म्हणजे चुकलो की उद्या."

"चुकलास की उद्या. लग्नापेक्षा बरं आहे."

टीलो हसला नाही, पण ताटलीतलं थोडं खाल्लं.

मग तो एकेक भाग तपासत गेला. थंडीत सुरुवातीला पेट्रोलचा जादा फवारा मारणारा नोझल काढून त्याने जॅमच्या बरणीत फवारून पाहिला. रोस्विटा दारात उभी होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "ठीक आहे हा." पेट्रोलचा दाब मोजला, तोही बरोबर. बाहेरून हवा शिरते का, म्हणून रबरी नळ्यांचे जोड बघितले. रोज सकाळी एक परीक्षा आणि रोज सकाळी नापास. तरी टीलो वेळेवर उठत होता, दाढी करत होता. रात्रीच्या जेवणाला त्याच्या बोटांना पेट्रोलचा वास यायचा. एवाल्टच्या बोटांना यायचा तसाच.

शेवटी तो मुठीएवढ्या एका गोल डबीपाशी आला. थंड इंजिनाला थोडी जास्तीची हवा लागते. ही डबी थंड असताना उघडी राहून ती हवा आत सोडते आणि गरम झाली की हळूहळू मिटते. ती मिटलेल्या अवस्थेतच चिकटून बसली होती. टीलोने ती तेलात भिजवली, हलवली, पुन्हा भिजवली आणि एका दुपारी पिशवीत घालून रोस्विटाच्या फ्रीझरमध्ये, मटारशेजारी ठेवली.

"माझ्या मटारांना पेट्रोलचा वास लागला तर तूच खायचेस," ती म्हणाली.

"ये इकडे. बघ."

गारठलेली डबी त्याने दिव्यापुढे धरली. आतला पडदा सरकला होता आणि चंद्रकोरीएवढी फट उघडी झाली होती. रोस्विटाने एका बाजूने डोळा लावला. दुसऱ्या बाजूला टीलोचा डोळा होता, आणि त्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. तो हसत होता.

"झालं, ममा. उद्या चालणार ही."

"चालणार?"

"चालणार म्हणजे चालतच राहणार. बंद करेपर्यंत."

बंद करेपर्यंत. आणि नाहीच केली तर?

टीलोने डबी जागेवर बसवली आणि बसने डॉक्टरीणबाईंकडे गेला. रोस्विटाने भांडी घासली, पुसली, मांडून ठेवली. मग टेबलावरच्या वाइनच्या बाटलीचं बूच घेतलं, सुरीने तासून बारीक केलं आणि गॅरेजमध्ये गेली. कुठली नळी, हे तिला शोधावं लागलं नाही. जोडाचा स्क्रू ढिला केला, डबीकडे जाणाऱ्या नळीत बूच आतवर सारलं, जोड पुन्हा आवळला, वरची धूळसुद्धा बोटाने सारखी केली. तिची बोटं जराही थरथरली नाहीत. पुढे कितीतरी दिवस तिला याचंच भय वाटत राहिलं.

सकाळी घरघर, आचके, गप्प.

टीलो आत आला, पण 'आजही मेली' म्हणाला नाही. नळाखाली हात धरून तसाच उभा राहिला.

"कॉफी घे," ती म्हणाली.

"मी काय चुकलो?" तो म्हणाला. तिला विचारलं नव्हतं. नळाला विचारलं होतं.

डबी त्याने पुन्हा काढली, पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली. डबी उघडत होती. मग इंजिन का मरतं? तपासलेलं सगळं त्याने पुन्हा तपासलं. एकच गोष्ट तपासली नाही. ती नळी त्याने स्वतः धुऊन, आरपार बघून बसवली होती आणि तिच्यावर संशय घ्यायला काही कारण नव्हतं. आधी दाढी राहिली. मग सकाळी उठायला उशीर होऊ लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला तो गॅरेजमध्ये गेलाच नाही, दिवसभर पांघरुणात पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच.

रोस्विटा भिंतीला पाठ लावून उभी होती. पलीकडे शांत होतं. हीच शांतता तर तिला हवी होती, आणि आता ती मिळाली होती.

गोटहिल्फ आला तेव्हा तो वर जाऊन टीलोशी दार लावून बोलला. खाली उतरला तो टोपी हातात धरून.

"पोरगा काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, मी ज्याला हात लावतो ते मरतं. बायको म्हणू नका, बाप म्हणू नका, साधी एक गाडी."

रोस्विटा आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली.

"रोस्विटा, तुझे कान कारखान्यात गाजलेले. भिंतीपलीकडे ती गाडी रोज मरते आणि तुला कशाने मरते ते कळत नाही?"

"म्हातारी झाले मी."

"हं," गोटहिल्फ म्हणाला. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "मी त्याला सांगितलंय, तपासलेलं पुन्हा तपासणारा मूर्ख. ज्यावर तुझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते आधी उघड."

तो गेल्यावर रोस्विटा गॅरेजमध्ये गेली. जोड सोडला, चिमट्याने बूच बाहेर ओढलं. आता त्याला पेट्रोलचा वास लागला होता. वर टीलो पडून होता, जेवत नव्हता. बूच काढलं तर इंजिन चालेल, आणि कदाचित पोरगा उठेल. किंवा इंजिन चालेल, आणि दार लावलेलं असेल. ती बराच वेळ गाडीला टेकून उभी राहिली. यातून काय निवडायचं हे कोणत्या बाईला कळतं? मग तिने बूच पुन्हा आत घातलं. पोर निदान पांघरुणात तरी श्वास घेत होतं.

रविवारी सकाळी टीलो उठला. जिन्यावर त्याची पावलं वाजली तेव्हा ती कणीक मळत होती. तो आत डोकावला. दाढी केलेली होती.

"एकदा बघून येतो," तो म्हणाला आणि रस्त्याच्या बाजूने गॅरेजमध्ये गेला. पत्र्याचं दार खाली ओढल्याचा आवाज आला.

तिने पिठाचे हात तसेच ठेवून भिंतीला पाठ लावली.

घरघर. इंजिन धरलं. ती आचक्यांची वाट बघत राहिली.

आचके आलेच नाहीत. आवाज वर चढला, एकसारखा झाला आणि तसाच राहिला. अखंड, गोल, भरलेला. काल सकाळी बूच जागेवर होतं, तिने हात लावून पाहिलं होतं. म्हणजे त्याला कळलं. आपल्याच आईने काय केलं ते त्याला कळलं, आणि तरी तो दार लावून आत बसला, आणि इंजिन चालू आहे. बंद करेपर्यंत चालणारं.

ती कशी धावली ते तिला नंतर आठवेना. पायात घरातल्या सपाता, बाहेर बर्फ. समोरच्या खिडकीत मायलेबाई चर्चची हॅट घालून उभ्या होत्या.

"फ्राउ क्नाउप! आज रविवार आहे! हा आवाज!"

रोस्विटाने दाराची मूठ धरली आणि पत्रा धाडकन वर ढकलला.

टीलो इंजिनापाशी वाकून उभा होता. त्याने मान वर केली. गाडीच्या मागून राखाडी रंगाची एक जाड नळी निघून भिंतीतल्या लहान खिडकीतून परसात गेली होती. खिडकी सताड उघडी होती आणि गॅरेजमध्ये बाहेरच्याइतकाच कडाका होता.

"दार लाव, ममा," तो म्हणाला. "नंबरप्लेट एप्रिलची आहे."

ती हलली नाही. तिचे पिठाचे हात पत्र्यालाच चिकटून राहिले होते.

"ही नळी..."

"गोटहिल्फकाकांची. काल संध्याकाळी आणली. आज इंजिन चालणार हे मला माहीत होतं, म्हणून." त्याने फडक्यावर ठेवलेलं बूच उचललं आणि तळहातावर तिच्यापुढे धरलं. "काल तू बेकरीत गेलीस तेव्हा सापडलं. आधी वाटलं बाबांनीच कधीतरी घातलं असेल. मग पाहिलं, सुरीने तासलंय. बाबांनी कानस वापरली असती."

"टीलो..."

"मला वाटत होतं मला काहीच जमत नाही. काहीच. मी वर पडून तेवढाच विचार करत होतो. आणि तू खाली कॉफी घे म्हणत होतीस."

"फ्राउ क्नाउप, मी पोलिसांना बोलावीन हं!" खिडकीतून आवाज आला.

"बोलवा!" रोस्विटा मागे न बघता ओरडली. गावाने तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. खिडकी बंद झाली.

मग तिने ते विचारलं. इस्पितळाच्या दारापासून जे ती गिळत आली होती ते.

"तू इथे मरायला बसणार होतास का?"

टीलोने बूच पुन्हा फडक्यावर ठेवलं. इंजिन चालू होतं.

"ऑक्टोबरमध्ये, हो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. कबरीपर्यंत न्यायची होती हे खोटं होतं. ती बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग मला राग आला. मग वाटलं, आधी हिचं बघू काय बिनसलंय."

"आणि आता?"

"आता मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं सांगितलं तर तुला खरं वाटेल का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग." तो इंजिनाकडे वळला. "थांब. ऐक. डबी गरम होतेय."

तिला आधीच ऐकू आलं होतं. चढलेला आवाज हळूहळू उतरत होता. मग तो खाली येऊन जिथे स्थिर व्हायला हवा तिथे स्थिर झाला. तिच्या सगळ्या नोकरीत याहून नेमका आवाज तिने ऐकला नव्हता. टीलोने चावी फिरवून इंजिन बंद केलं. त्याने, स्वतःच्या हाताने. रोस्विटा उंबऱ्यावर बर्फातच खाली बसली. त्याने तिला उठवायला हात दिला नाही. शेजारून निघून आत गेला.

नाताळानंतर तो गोटहिल्फच्या माडीवर राहायला गेला. "इथे मला भिंतीपलीकडून तुझा श्वास ऐकू येतो," एवढंच तो म्हणाला. तिने त्याचे कपडे इस्त्री करून बांधून दिले. अडवलं नाही. रडायचं होतं ते तो रस्त्याच्या वळणाआड गेल्यावर रडली.

दर रविवारी तो जेवायला यायचा. त्याचा कोट घेताना ती दारातच विचारायची, "या आठवड्यात कसं होतं?" तो खरं सांगायचा. कधी 'बरं', बहुतेक वेळा 'चाललंय', एकदा 'वाईट, पण गेलं'. त्या उत्तरावर तिने काही करायचं नसायचं. सूप वाढायचं असायचं. पाळत आणि लक्ष यांच्यातला फरक हाच असेल तर तो फार महाग होता, कारण प्रत्येक उत्तरानंतर पुढचा आठवडाभर तिला झोप लागायची नाही.

फेब्रुवारीत, बर्फ वितळून सगळीकडे काळा चिखल झालेला असताना, तो एका सोमवारी अचानक आला. अंगात कोट होता, तो काढला नाही.

तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "फार वाईट, ममा. मला परत इस्पितळात जायला हवं. एकट्याला बसमध्ये बसवत नाही."

रोस्विटाने गॅस बंद केला. एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, त्याची लोकरी टोपी त्याच्या कानांवर ओढली, लहानपणी ओढायची तशी नव्हे, नुसती वारा लागू नये म्हणून. खाली शहराकडे जाणारी बस उतारावर थांबली होती. खिडकीजवळची जागा त्याने तिला दिली. वळणावळणाने बस खोऱ्यात उतरत असताना तो एकदाच बोलला.

"तू काही बोलू नकोस."

"नाही बोलत," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.